मंगळवारचं टेबल

आज नागपंचमी, म्हणजे हळदीच्या पानात गूळखोबरं घालून वाफवायचे पातोळे. मागच्या पडवीत हळदीच्या पानांचा वास सुटलाय आणि आमची ही तिसऱ्यांदा येऊन सांगून गेली, "पानां पुसून द्या, मोबायलात तोंड घालून बसा नकात."

पुसतो. पण गेल्या वर्षीचा जून डोक्यातून जात नाही. तेव्हाही मी अशीच पानं पुसत बसलो होतो, मेलबर्नला, एका हॉलच्या स्वयंपाकघरात, अंगात दोन स्वेटर आणि डोक्यावर माकडटोपी घालून. पानं बांबूची होती. भोवती वीस-पंचवीस चिनी बायका, त्यांच्यात आमची ही, आणि पुरुष म्हणाल तर मी आणि आमच्या मुलाच्या शेजारचे म्हातारबाबा. आम्हा दोघांना पान गुंडाळता येत नव्हतं म्हणून पुसायला बसवलं होतं. बायकांचा हा न्याय सगळीकडे सारखाच दिसतो.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात त्रेचाळीस वर्षं मी पोस्टमास्तर होतो. कागदोपत्री 'शाखा डाकपाल'. पोस्ट म्हणजे आमचीच ओटी. एक टेबल, एक वजनकाटा, शिक्के, आणि भिंतीला लाल पेटी. सरकारच्या हिशेबाने काम रोज काही तासांचं, पण लोक पहाटेही यायचे आणि जेवायला बसलो असतानाही यायचे. कारण पत्र नुसतं द्यायचं नसे. वाचून दाखवायचं असे आणि उत्तरही लिहायचं असे. मुंबईहून मनीऑर्डर आली की फॉर्मच्या तळाला निरोपाची जागा असायची, तिथे चार शब्द. 'दोनशे पाठवले. म्हशीकडे बघ. शिमग्याला येतो.' पैसे मोजून द्यायचे, अंगठा घ्यायचा, आणि पोच परत मुंबईला. १९८२ साली गिरणी संप झाला तेव्हा पेपरात बातमी यायच्या आधी मला तो मनीऑर्डरींच्या गठ्ठ्यात दिसायला लागला होता. गठ्ठा बारीक होत गेला, निरोपाची जागा कोरी यायला लागली.

तर असा मी, मुलाकडे मेलबर्नला गेलो मार्चअखेर. बॉक्स हिलच्या अलीकडे त्यांचं घर. सकाळी आठला मुलगा, सून, नात तिघं बाहेर पडली की संध्याकाळपर्यंत घरात आम्ही दोघं आणि फ्रिजचा आवाज. रस्त्यावर माणूस नाही. पंधरा दिवसांत मी शेजाऱ्यांच्या कचरापेट्यांचे रंग आणि वार पाठ केले होते.

शेजारचे म्हातारबाबा कुंपणापलीकडे कांद्याच्या पातीला पाणी घालायचे. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच, म्हणजे क्रियापदं दोघांचीही गायब. आयुष्यभर हॉटेलच्या भटारखान्यात काम केलेलं. मी पोस्टात होतो हे मुलाने त्यांना सांगितलं, तेव्हापासून त्यांनी मला 'पोस्टमन' म्हणायला सुरुवात केली. पोस्टमास्तर आणि पोस्टमन यांतला फरक समजावण्याइतकं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं. एका मंगळवारी त्यांनी कुंपणावरून हाक मारली, "पोस्टमन, कम, लंच!" आणि आम्ही त्यांच्यामागून ट्राममध्ये चढलो.

तिथल्या चिनी लोकांच्या संघटनेचं दर मंगळवारचं ज्येष्ठांचं जेवण होतं ते. हॉल नगरपालिकेचा, भाड्याने घेतलेला. आत शिरल्यावर पहिला ऐकू आला तो माहजाँगच्या सोंगट्यांचा आवाज, पत्र्यावर पहिला पाऊस पडावा तसा. एका कोपऱ्यात टेबल टेनिस, स्टेजवर बायकांची गाण्याची तालीम, बाहेर कारपार्कमध्ये थंडीत हळूहळू हात फिरवत ताई ची करणारे. भिंतीला टेकून सिंहनृत्यातल्या सिंहाचं मोठं मुंडकं ठेवलेलं, एका डोळ्याची पापणी तुटलेली, आणि एक पोरगा तिला तार बांधत होता. जेवणात भात, कोबी, मासा. मासा आख्खा, डोक्यासकट, वाफवून वर आलं. आमची ही खूश. परदेशात आल्यापासून पहिल्यांदा तिला मासा मासा वाटला.

हे सगळं छान होतं, पण दुसऱ्याच मंगळवारी माझी नजर गेली ती स्वयंपाकघराच्या खिडकीलगतच्या एका टेबलाकडे. तिथे ना खेळ होता ना गाणं. गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेल्या एक बाई बसलेल्या, निवृत्त नर्स. समोर म्हाताऱ्यांची रांग, आणि प्रत्येकाच्या हातात न फोडलेली पाकिटं.

मी जागीच थांबलो. म्हटलं, ही तर आपली ओटी.

बाई पट्टीने पाकीट फोडायच्या. अर्धं मिनिट वाचायच्या. मग त्या माणसाला त्याच्या बोलीत दोन वाक्यांत सांगायच्या आणि कागद तीनपैकी एका गठ्ठ्यावर ठेवायच्या. पैसे भरायचे, फोन करायचा, फेकून द्यायचं. विजेचं बिल, नगरपालिकेचा कर, पेन्शनच्या खात्याची चौकशी, इस्पितळाची तारीख, आणि 'तुम्हाला बक्षीस लागलंय' असली चोरांची पत्रं. फेकायच्या गठ्ठ्यातला कागद त्या आडवा-उभा फाडूनच टाकायच्या, कारण एक आजोबा तो पुन्हा उचलून घरी न्यायचे म्हणे. बक्षिसावरचा त्यांचा विश्वास काही उडत नव्हता.

फोन करायच्या गठ्ठ्याबरोबर एक लोहचुंबकाची पट्टी मिळे, फ्रिजला लावायची. तिच्यावर आकडा, १३१ ४५०. ऑस्ट्रेलियात कुठूनही हा नंबर फिरवायचा, आपल्या भाषेचं नाव सांगायचं, की दुभाषा फोनवर येतो आणि मधे बसून बोलणं करून देतो. सरकारची ही सोय १९७३ पासूनची. मला आधी पटेना. मग बाईंनी माझ्यासमोर एका आजींना फोन लावून दिला. आजींनी आयुष्यात पहिल्यांदा इस्पितळाशी आपल्या भाषेत भांडून तारीख बदलून घेतली आणि फोन ठेवल्यावर ताठ बसल्या.

याची दुसरी बाजू संघटनेच्या तरुण सेक्रेटरीने सांगितली. याच देशात १९०१ साली कायदा झाला होता. नको असलेला माणूस बंदरावर आला की अधिकारी त्याला पन्नास शब्दांचं श्रुतलेखन घालायचा, युरोपातल्या कुठल्याही भाषेतलं. गडी इंग्रजी शिकून आला असेल तर दुसरी एखादी भाषा काढायची. लिहिता आलं नाही की परत बोटीत. १९५८ पर्यंत हा प्रकार चालू होता. श्रुतलेखन हा शब्द ऐकून माझ्या पोटात शाळेतला गोळा उठला. आमच्या मास्तरांनी फक्त छडी मारली, देशाबाहेर नाही काढलं.

आणि त्याच्याही आधी, सोन्याच्या खाणींच्या दिवसांत, मेलबर्नच्या व्हिक्टोरिया वसाहतीने १८५५ साली कायदा करून चिनी माणसामागे दहा पौंड कर लावला. मग बोटी शेजारच्या वसाहतीत, रोब नावाच्या लहानशा बंदरात लोकांना उतरवायला लागल्या, आणि ही माणसं खांद्यावर कावड घेऊन चारशे किलोमीटरच्या वर चालत खाणींवर गेली. चालता चालता वाटेत त्यांना सोनं सापडलं तिथे आज अरारात हे गाव आहे. जकात चुकवायला आडवाटेने जाणं कोकणी माणसाला नवीन नाही, पण चारशे किलोमीटर म्हणजे देवगडाहून चालत निघून जवळजवळ मुंबई की हो.

तीन मंगळवार मी त्या टेबलाशेजारी नुसता उभा राहिलो. चौथ्या मंगळवारी बाईंनी मला खुर्ची दिली आणि एक जाड मार्कर. काम काय, तर प्रत्येक पाकिटावर शेवटची तारीख आणि रक्कम मोठ्या आकड्यांत लिहायची. चिनी माणसं वर्ष, मग महिना, मग दिवस अशी तारीख वाचतात. बिलावर ७/८ असलं तर निम्मे आजोबा आठ जुलै धरून चालायचे आणि उगाच महिनाभर आधी घाबरे व्हायचे. म्हणून मी महिन्याच्या जागी ठिपके काढायला लागलो, ऑगस्टला आठ ठिपके. पोस्टाच्या खात्याने मला त्रेचाळीस वर्षांत बढती दिली नाही. ती इथे मिळाली.

आता कुणाला वाटेल की चिनी लोक मोठे एकोप्याचे. कसले! जुने लोक दक्षिण चीनमधल्या ताईशान आणि आजूबाजूचे, त्यांची बोली वेगळी. हाँगकाँगवाले कँटनीज बोलणारे. आणि अलीकडे आलेले मँडरिनवाले, शिकलेले, घरंदारं घेतलेले. नोटीस बोर्डावर प्रत्येक सूचना दोनदा लावायची, एकदा जुन्या अक्षरांत, एकदा सोप्या केलेल्या नव्या अक्षरांत, आणि वर कुठली लावायची यावर सभेत पाऊण तास वाद. मी म्हातारबाबांना विचारलं, काय चाललंय? ते म्हणाले, "सेम, सेम. एव्हरी मंथ." आमच्या गावच्या मुंबई मंडळात वरची वाडी आणि खालची वाडी यांचं पालखीच्या मानावरून जे चालतं, ते मला शब्द न कळताही जसंच्या तसं कळत होतं. एकजण तर मधेच उठून रागाने निघून गेला आणि जेवणाच्या वेळेला बरोबर परत आला.

शनिवारी त्याच हॉलात मुलांची चिनी शाळा. मुलं आत, आजी-आजोबा बाहेरच्या बाकांवर डबे घेऊन. मुलांची तोंडं आमच्या नातीसारखीच, रविवारच्या मराठीच्या वर्गाला जाताना करते तशी. तिथल्या बारावीला चिनी हा विषय घेता येतो, त्यामुळे आईबाप नेटाने आणून बसवतात. मोठी झाली की पोरं यायची थांबतात, फक्त सिंहनृत्याला येतात. ढोल असला की येतात. यात मला त्यांना नावं ठेवायला जागा नाही. आमचेही मुंबईकर शिमग्यात ढोलाला येतात आणि ग्रामसभेच्या दिवशी त्यांना रजा नसते.

जूनमधल्या त्या दिवसाचं राहिलंच. त्यांच्या पाचव्या महिन्याच्या पंचमीला होड्यांच्या शर्यतींचा सण असतो. एका जुन्या कवीने नदीत जीव दिला, त्याच्या देहाला माशांनी तोंड लावू नये म्हणून लोकांनी पाण्यात भात टाकला, अशी कथा. त्या भाताचं आता 'जुंग' झालंय. रात्रभर भिजवलेली बांबूची पानं, चिकट तांदूळ, मुगाची सोललेली डाळ, आत डुकराचं मांस आणि खारवलेल्या अंड्याचा बलक. आमच्यासाठी शेंगदाणे घालून वेगळे. दोन पानं एकावर एक अर्धी सरकवायची, खालून मुडपून द्रोण करायचा, तांदूळ भरायचा, वरून पान मिटून दोऱ्याने चार वेढे. मग काही तास उकळायचं. मोठ्या पातेल्याचं झाकण उघडलं आणि ओल्या पानाची वाफ आली, तशी आमची ही मोठ्याने म्हणाली, "अगो बाय, ह्यो तर आपलो पातोळो!" तिथे मालवणी कुणालाच कळत नव्हती, पण सगळ्या हसल्या. पुढचे पंचवीस जुंग तिने बांधले. तिसऱ्या जुंगापासून नर्सबाईंनी तिचा दोरा तपासायचं सोडलं होतं. एकाच गोष्टीवर तिचा आक्षेप कायम राहिला: एवढी खटपट करून गूळखोबरं नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला, आमची नवी नवी ओळख असताना, त्यांच्या पितरांचा दिवस होता तेव्हा म्हातारबाबांनी आम्हाला साउथ मेलबर्नच्या देवळात नेलं होतं. सी यप मंदिर, १८६६ सालचं. सी म्हणजे चार, यप म्हणजे तालुका म्हणा. ताईशान, कायपिंग, अनपिंग आणि सिनहुई, दक्षिण चीनच्या समुद्राजवळचे चार तालुके. त्या चार तालुक्यांच्या माणसांचं मंडळ, त्यांचं हे देऊळ. मुख्य देव क्वान कुंग, लाल तोंडाचा, दाढीवाला योद्धा. मागच्या दालनांत भिंतभर नावांच्या लाकडी पाट्या, इथे येऊन मेलेल्यांच्या. म्हातारबाबांनी देवापुढे गुडघे टेकले आणि अर्धचंद्रासारखे दोन लाकडी तुकडे खाली टाकले. त्यांची एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर वर आला तर देवाचा होकार. पहिल्यांदा दोन्ही फुगीर आले. त्यांनी देवाला काहीतरी समजावून सांगितलं आणि पुन्हा टाकले. आमच्या ग्रामदेवतेला कौल लावताना गुरव पाषाणाला कळे चिकटवतो आणि डावा आला की गावकरी देवाला पुन्हा गाऱ्हाणं घालतात, ती सगळी मंडळी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. देवाने नाही म्हटल्यावर गप्प बसणारी माणसं नव्हेत ही.

'सी यप' हे नाव मी कुठेतरी ऐकलंय असं मला तेव्हापासून वाटत होतं. आठवलं ते परत येताना, विमानात. आमचे काका माझगावला गोदीत होते. लहानपणी देवगडाहून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरलो की त्यांच्या खोलीकडे जाताना एक लाल दाराचं घर लागायचं. काका म्हणायचे, चिनी खलाशांचं देऊळ. ऑगस्टमध्ये, गणपतीआधी गावी पोचायची घाई असतानाही, हिला टॅक्सीत बसवून मी माझगावला वाट वाकडी केली. देऊळ आहे. १९१९ चं. वर क्वान कुंग बसलेला, तोच लाल तोंडाचा. त्याच चार तालुक्यांच्या माणसांनी बांधलेलं. काकांच्या खोलीत आमच्या गावचे अठराजण पाळीपाळीने झोपायचे, आणि पाच मिनिटांवर ही माणसं. दोघांचीही घरं समुद्रावर, दोघांचेही पैसे घरी जायचे.

पैशांवरून आठवलं. म्हातारबाबांकडे एक जुनं पाकीट होतं, त्यांच्या आजोबांनी पाठवलेलं. चीनमध्ये अशा पत्रांना परदेशस्थांची पैशांची पत्रं म्हणतात. पत्र आणि रक्कम एकत्र, पाकिटावरच आकडा लिहिलेला, आणि घरच्यांनी पोच म्हणून उलट चिठ्ठी द्यायची. २०१३ मध्ये युनेस्कोने ही पत्रं जगाच्या ठेव्यात नोंदवली. मी पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि सवयीने शिक्का वाचायला गेलो. त्याच पैशांतून कायपिंगला लोकांनी चार-चार मजली दगडी-सिमेंटी मनोरे बांधले, लुटारूंपासून आणि पुराच्या पाण्यापासून बचाव म्हणून. फोटो दाखवला त्यांनी. बरेचसे आता बंद, खिडकीतून झाडं उगवलेली. मी माझ्या मोबाईलमधला आमच्या वरच्या वाडीचा फोटो दाखवला, चिऱ्याची घरं, अकरा महिने कुलूप. त्यांनी तो बोटांनी मोठा करून कुलूप पाहिलं.

आमच्या गावचं मंडळ? आहे ना. लालबागला खोली होती, इमारत नव्याने बांधायला गेली, तिच्या पैशांवरून मंडळाचे दोन तुकडे झाले, आता दोन लेटरहेड आहेत. वर्धापनदिन दोन, सत्कार दोन. मी स्वतः स्थानिक कमिटीत बारा वर्षं होतो, आणि बारा वर्षांत आम्ही देणगीदारांची नावं लाऊडस्पीकरवर वाचण्यापलीकडे काय केलं ते आठवून बघतो.

परत आल्यावर कळलं, खालच्या वाडीतल्या एका म्हातारीची पेन्शन चार महिने बंद होती. बँकेकडून केवायसीची नोटीस आली होती, इंग्रजीत. तिने ती सुकटीच्या डब्याखाली अंथरली होती. मी निवृत्त झालो तसं पोस्ट माझ्या ओटीवरून गेलं, आणि तिला वाटलं आता पत्र वाचून घ्यायला यायची सोय नाही. मी तर चार पावलांवर घरातच बसलेला होतो, मेलबर्नला जायच्या आधीही.

म्हणून गेल्या दिवाळीनंतर ओटीवर टेबल पुन्हा मांडलं. मंगळवार, सकाळी दहा ते बारा. तीन गठ्ठे, एक मार्कर. आठ ठिपक्यांची गरज इथे नाही, पण ओटीपी आला की म्हातारी माणसं तो फोनवर कुणालाही मोठ्याने वाचून दाखवतात, तसं करू नका हे सांगायला एक पाटी केलीय. पहिल्या मंगळवारी दोघं आली. एकाला फणसाच्या फांदीवरून शेजाऱ्याविरुद्ध अर्ज हवा होता. दुसरी तीच म्हातारी. कागद दाखवून झाला, तरी उठेना. इकडेतिकडे बघून म्हणाली, "मास्तरानू, थंय म्हणे जेवण गावता. हंय चाय पण नाय?"

आता दर मंगळवारी चहा असतो. येत्या मंगळवारी पातोळे ठेवायचे असं हिने ठरवलंय. पानं अजून निम्मी पुसायची आहेत.